'रिकव्हर्ड'चा दुसरा अर्थ

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे, इंग्रजी-मराठी. पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला, लाल कापडाची बांधणी झाली, आणि उपसंपादक पंढरीनाथ मला पिशवीत घालून भाईंदर पूर्वेच्या एका छोट्या दैनिकाच्या कचेरीत घेऊन आले.

त्यांच्या हाती माझी पानं मऊ पडली. शब्द ओळखीचा असला तरी ते मला उघडायचे. 'रिकव्हर' तर आठवड्यातून दोनदा यायचा. चोरीच्या बातमीत ते लिहायचे, 'दागिने हस्तगत'. तापाच्या बातमीत 'रुग्ण बरे झाले', बाजाराच्या बातमीत 'भाव सावरले'. बातमी बुडालेल्यांची असली, की मात्र ते पेन्सिल खाली ठेवून माझ्या पानावरचा शेवटचा अर्थ पुन्हा वाचायचे आणि मग लिहायचे, 'मृतदेह सापडले'.

पुढे ते निवृत्त झाले. नवे लोक आले, त्यांचं भाषांतर फोनमध्येच व्हायचं. ते वाईट नव्हते. त्यांना माझी गरज नव्हती, इतकंच. मला कपाटावर जुन्या अंकांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं. पाच वर्षं माझं एकही पान उलटलं नाही. खाली शब्दांची ये-जा चालायची, आणि मला वाटायचं, कुणीतरी एकदा विचारावं.

गेल्या ऑक्टोबरात जवळच्या पाली या कोळीवाड्याची एक बोट समुद्रात उलटली. तिघे बेपत्ता झाले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तटरक्षक दलाकडून इंग्रजीत दोन ओळींचा निरोप आला: दोघे रिकव्हर्ड, एकाचा शोध सुरू. खाली नावं. पालीत अजून कुणाला काही कळलं नव्हतं. उपसंपादक अनुष्का एकटीच होती आणि पान छपाईला सोडायची वेळ झाली होती. फोनने सांगितलं, 'बरे झाले'. तिला आनंदच झाला. तिने मथळा दिला, 'पालीचे दोन मच्छीमार सुखरूप'. खरा अर्थ माझ्या पोटात होता, आणि मला तोंड नव्हतं.

दोन दिवसांनी सबिना कचेरीत आली. त्या दोघांपैकी इनासची ती बायको. हातात आमचा अंक होता, नीट घडी घातलेला.

"ही बातमी कोणी लिवली?"

"मी," म्हणत अनुष्का उभी राहिली.

"ती वाचून मी त्याचे कपडे घेऊन इस्पितळात गेले. इस्त्री केलेले. तिथं म्हणाले, मागच्या दाराला जा, शवागाराकडं." तिने अंक टेबलावर ठेवला. "मी भांडाया आले न्हाय. असं कसं झालं, येवढंच विचारायचं हाय."

"एका शब्दाचे खूप अर्थ होते, ताई. मी चुकीचा घेतला. माझी चूक आहे."

"काय अर्थ होते?"

अनुष्का स्टुलावर चढली. तिने मला खाली काढलं, ओढणीने पुसलं, आणि पान शोधून वाचू लागली. "परत मिळणे. बरे होणे. सावरणे. शोधून बाहेर काढणे."

सबिना माझ्या पानावर वाकली. तिचं बोट पहिल्या अर्थावर टेकलं.

"परत मिळाला, हे खरं हाय," ती म्हणाली. "तिसऱ्याची आई अजून बंदरावर बसते. तिला तेवढंसुद्धा न्हाय."

दुसऱ्या दिवशी अनुष्काने पहिल्या पानावर आपल्या नावानिशी चूक मान्य केली.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. कागद एक दिवस विरणारच. पण शब्द कितीही ओळखीचा वाटला तरी त्याला एकदा विचारून घ्या. त्याच्या पलीकडे कुणाचं तरी घर असतं.

आता मी अनुष्काच्या टेबलावर असतो. समुद्राची बातमी आली, की ती मला उघडते, मग निरोप पाठवणाऱ्याला फोन लावते आणि हळूच विचारते, "जिवंत आहेत ना?" उत्तर येईपर्यंत तिचं बोट त्या पानावरच असतं.