त्रेचाळीस नंबरची हवाई सुंदरी

स्टेफाला ती चिठ्ठी सापडली एका मंगळवारी सकाळी, विनिपेगच्या विमान संग्रहालयाच्या तळघरात. दर मंगळवारी ती तिथे फुकट राबायला जायची. प्रेअरी क्राउन एअरवेज बंद पडून तीसेक वर्षं झाली होती आणि कंपनीची सगळी कागदपत्रं खोक्यांत भरून कुणीतरी संग्रहालयाच्या गळ्यात मारली होती. ती लावायची कुणी? ज्यांनी त्या कंपनीत उभा जन्म काढला ते सगळे गुडघे धरून घरी बसलेले. मग स्टेफा होतीच. बाईनं तिथे नोकरी केली ती जेमतेम चार वर्षं, पण उत्साह असा की कंपनी जणू तिच्या बापाची.

त्या दिवशी खोक्यातून तिची स्वतःचीच फाइल निघाली. वर तिचा फोटो, बावीस वर्षांची, टोपी किंचित तिरकी. खाली दर महिन्याला काट्यावर उभं करून घेतलेल्या वजनाचा तक्ता. आणि सगळ्यात शेवटी रेघांच्या वहीतून फाडलेला एक कागद.

'मिस ह्रिंचुक हिने चौदा ऑक्टोबरला यॉर्कटनच्या चर्चमध्ये लग्न केले आहे. अंगठी ती साखळीत ओवून ब्लाउजच्या आत ठेवते. हे साहेबांच्या कानावर घालणे मी माझे कर्तव्य समजते. सिग्रून ब्योर्नसन, नंबर ५८.'

स्टेफानं कागद दोनदा वाचला आणि मग तिच्या तोंडून आईच्या भाषेतली, युक्रेनी, अशी एक शिवी निघाली की शेजारी इंजिन पुसणारा म्हातारा टोपी काढून बाजूला सरकला.

एकसष्ट साली हवाई सुंदरीनं लग्न केलं की दुसऱ्या दिवशी घरी. तसा नियमच होता, आणि तो सगळीकडे होता. पायलटला चार पोरं असली तरी चालायचं. पोरीला मात्र नवरा चालायचा नाही. म्हणून कितीतरी जणी अंगठी लपवून उडायच्या. स्टेफानंही लपवली. सांगितलं ते एकीलाच, सिग्रूनला. दोघी एका खोलीत राहायच्या. एक इस्त्री, एक आरसा, लिपस्टिकही एकच. स्टेफाला काढून टाकलं त्या संध्याकाळी ही सिग्रून तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली होती. केक केला होता मेलीनं! आणि पुढे बावन्न वर्षं न चुकता दर नाताळला कार्ड. 'माझ्या लाडक्या स्टेफीला.' केसानं गळा कापून वर कार्ड पाठवायचं, याला काय काळीज लागत असेल?

आणि स्टेफाचं काय गेलं होतं, तर सगळंच गेलं होतं. तिला उडण्याचं वेड होतं. फ्लिन फ्लॉनच्या फेरीवर बाहेर उणे चाळीस, आत पाय गारठलेले, खाणकामगार ओकतायत, थर्मासमधली कॉफी सांडतेय, आणि ही बया आनंदानं गुणगुणतेय. तिला एका दुपारी ऑफिसात बोलावून टोपी, हातमोजे आणि छातीवरचा पंखांचा बिल्ला टेबलावर ठेवायला लावले. नंतर तीस वर्षं तिनं पोर्टेज अव्हेन्यूवरच्या दुकानात पडद्याचं कापड मोजलं. नवरा वसिल देवमाणूस. पण वरून विमान गेलं की हिची कात्री थांबायची, ते त्यालाही कळायचं.

आता त्या नंबराचं सांगायला हवं. विमान कंपनीत माणूस म्हणजे त्याचा नंबर. ज्या दिवशी रुजू झालात त्यावरून यादीत नंबर. चांगली फेरी कुणाला, नाताळची सुट्टी कुणाला, सगळं नंबरावर. ऑफिसला साधी चिठ्ठी लिहिली तरी सहीखाली नंबर लिहायची सवय. वरचा कुणी गेला की खालचे सगळे एकेक पायरी चढणार. निवृत्त झाल्यावरही हे खूळ कुणाच्या डोक्यातून गेलं नव्हतं. दर सप्टेंबरला निवृत्तांच्या मंडळाची माणसं लीजन हॉलमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या क्लबात, जेवायला जमायची आणि ताट घ्यायला रांग लावायची तीसुद्धा नंबरानं. स्टेफाचा त्रेचाळीस नंबर एकसष्टलाच खोडला गेलेला. त्यामुळे ती विधवांच्या आणि जावयांच्या मागे, शेवटी. तिच्यापर्यंत पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, पोचायच्या त्या गार होऊन आणि वरचा परतलेला कांदा संपलेला असायचा. मंडळाचं पत्रक बावीस वर्षं कोण काढत होतं? स्टेफा. मेलेल्यांबद्दल चार चांगले शब्द कोण लिहीत होतं? स्टेफाच. तरी रांगेत शेवटी.

जूनमध्ये हवाई सुंदऱ्यांतली सगळ्यात वरची बाई वारली. आता हयात असलेल्यांत पहिला नंबर सिग्रूनचा. येत्या जेवणाला तिला सोन्याचे पंख लावायचे ठरले.

"लावा की," स्टेफा फोनवर मंडळाच्या अध्यक्षांना, कॅप्टन टल्लोकना म्हणाली. "आणि आठवणींचा कार्यक्रम यंदा माझ्याकडे. मी एक जुनं पत्र वाचणार आहे."

"अरे वा! सिग्रूनबद्दल?"

"तिच्याच हातचं."

"छान, छान. जरा डोळ्यांत पाणी येईल असं काहीतरी वाच."

"येईल हो, कॅप्टन. काळजीच नको."

तीन आठवडे तिनं चिठ्ठी उशाशी ठेवली. तिला दुसरं काही नको होतं. सगळ्यांसमोर, त्याच दिवशी, छातीवर पंख असताना सिग्रूनचं तोंड काळं झालेलं तिला बघायचं होतं. बावन्न वर्षांचं उट्टं एका दुपारी काढायचं होतं.

दिवस उजाडला. हॉलमध्ये साठेक माणसं. सिग्रून निळ्या सुटात, सत्त्याहत्तर वर्षांची, अजून छडीसारखी ताठ. कॅप्टननी पंख लावले. टाळ्या झाल्या. सिग्रूननं समोर बसलेल्या स्टेफाकडे बघून हात हलवला. "स्टेफी, अगं इकडे ये ना, माझ्याशेजारी!"

"आलेच," स्टेफा म्हणाली आणि माइकपाशी गेली.

तिनं चिठ्ठी वाचली. एकही शब्द गाळला नाही. तारीख वाचली, सही वाचली, नंबर वाचला. हॉलमध्ये कुणाचा तरी चमचा खाली पडला. मागची लुएला, जिला कमी ऐकू येतं, ती मोठ्यानं म्हणाली, "कुणाचं लग्न आहे?"

सिग्रूनचा चेहरा पांढराफटक पडला. स्टेफा बघत होती. हेच, अगदी हेच तिला हवं होतं. पण मग सिग्रून टेबलाला धरून उठली.

"मीच लिहिली," ती म्हणाली. "चिठ्ठीच्या आठवडाभर आधी ऑफिसच्या फळ्यावर यादी लागली होती. हिवाळ्यासाठी माणसं कमी करणार होते. सत्तावन्नच्या खाली लाल रेघ. माझा अठ्ठावन्न. तू तेव्हा यॉर्कटनला वसिलकडे होतीस, स्टेफी, तुला माहीतच नव्हतं. माझे बाबा त्याच वर्षी तळ्यात बुडाले होते. गिमलीला आई आणि खाली चार भावंडं माझ्या जिवावर. वरचं एक माणूस कमी झालं की मी रेघेच्या वर. मला एक माणूस हवं होतं आणि मला एकच माहीत होतं. मी रोज स्वतःला सांगत आले, दुसरा इलाजच नव्हता. खरंच नव्हता."

आणि इथे स्टेफाच्या पायाखालची जमीन सरकली. कारण हॉल हळहळला, पण तो सिग्रूनसाठी! लग्नाचा नियम काय, अंगठी काय, ते पायलटांना आणि मेकॅनिकांना कधी सोसावंच लागलं नव्हतं. पण लाल रेघ? ती तिथल्या प्रत्येकाच्या मानेवरून गेलेली.

"बाई गं, एकसष्टची यादी!" एकजण म्हणाली.

"मीसुद्धा त्या वेळी काय केलं असतं, देव जाणे," कॅप्टन चष्मा पुसत म्हणाले. "स्टेफा, जाऊ दे आता. पोरवयात होतीस. तुझा संसारही चांगला झाला. झालं गेलं विसर आणि दोघी मिठी मारा बघू."

दोनचार जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. स्टेफाचं डोकं सणकलं. म्हणजे गळा हिचा कापला आणि दया सुरी धरणारीची? शिवाय मिठीही हिनंच मारायची? घटकाभरात सिग्रून पुन्हा सगळ्यांची लाडकी होणार, पंखांसकट, आणि ही जाणार पत्रक काढायला. आणि मग तिला अचानक स्वच्छ कळलं की या बाईचं खरं आयुष्य कशाच्या आधारावर उभं आहे. ते सोन्याच्या पंखांवर नाही, तर 'दुसरा इलाजच नव्हता' या तीन शब्दांवर.

ती माइक सोडून सिग्रूनच्या टेबलापाशी गेली. अगदी मऊ आवाजात म्हणाली, "अगं वेडे, मला विचारायचं तरी होतंस."

"काय?"

"मी सोडणारच होते. राजीनामा लिहून ठेवला होता मी, माझ्या निळ्या सूटकेसमध्ये. मार्चमध्ये देणार होते. वसिलला पोरं हवी होती, मलाही. तू सकाळी चहा पिताना म्हणाली असतीस ना, 'स्टेफी, रेघ माझ्यावर आलीये', तर मी त्याच दिवशी दिला असता. तुझ्यासाठी. हसत हसत. केक तेव्हा खाल्ला असता आपण."

खोटं! सपशेल खोटं. राजीनामा कसला आणि मार्च कसला! ती नोकरी तिला दातानं धरून ठेवायची होती. पोट पुढे आलं असतं तरी ती पट्टा आवळून उडाली असती. सिग्रूननं पाय धरले असते तरी तिनं आपला त्रेचाळीस नंबर सोडला नसता, आणि हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. माहीत असलेला वसिल सहा वर्षांपूर्वी गेला.

सिग्रून खाली बसली. या वेळी तिच्यासाठी कुणी हळहळलं नाही. टाळ्या वाजवणारे हात आता मांडीवर होते. कॅप्टन खाली बघत राहिले. सिग्रूनची ताठ पाठ हळूहळू वाकली, आणि स्टेफानं ती वाकताना नीट पाहिली, घाई न करता. तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं, ते कशाला नाकारायचं?

मंडळी लवकर पांगली. कोट अडकवायच्या खोलीत सिग्रून एकटीच उभी होती. कोटाची बाही तिला सापडत नव्हती. स्टेफानं मागून कोट धरला, जसा प्रवाशांसाठी धरायला त्यांना शिकवलं होतं, आणि तिचा हात बाहीत घातला.

"स्टेफी," सिग्रून वळून न बघता म्हणाली, "मला एकच सांग. मघाशी तू रागात होतीस. तसं काही नव्हतं ना? राजीनामा वगैरे?"

एवढंच हवं होतं तिला. एक 'नव्हतं'. ते दिलं असतं तर सिग्रून घरी जाऊन झोपली असती, आणि कदाचित उरलेली वर्षं दोघींनी फोनवर भांडत, हसत काढली असती. स्टेफाला सिग्रूनखेरीज त्या दिवसांतलं उरलं तरी कोण होतं? तिनं सिग्रूनची कॉलर सारखी केली.

"होता की," ती म्हणाली. "आठ ओळींचा होता. म्हणून दाखवू?"