मधुकररावांची कमान

आमदार मधुकरराव वाईट माणूस असते तर बरं झालं असतं. दोन शिव्या हासडून मोनाली मोकळी झाली असती. पण हा माणूस वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून राजकारणात आलेला. हिवाळी अधिवेशनात बाकीच्यांचे हुरडा पार्टीचे बेत चाललेले असताना हा एकटा उभा राहून विचारायचा की सरकारी शाळा का बंद करता, विद्यापीठाच्या संशोधनाचे पैसे कुठे अडले. तेव्हा निम्मी बाकं रिकामी असायची, ती गोष्ट वेगळी.

मोनाली विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात सिकलसेलवर काम करत होती. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि माणूस दुखण्यानं तळमळतो. एकाला गोळी लागू पडते, त्याच्या सख्ख्या भावाला नाही. असं का, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी पाच वर्षं ती दुचाकीवरून वस्त्या-वस्त्या हिंडली आणि चारशे बारा जणांचं रक्त घेऊन आली. ते सगळं एका फ्रीझरमध्ये होतं, उणे ऐंशी अंशावर. वीज गेली की ती घड्याळ लावून फ्रीझरजवळ बसायची.

त्या फ्रीझरला भेटायला एक माणूस यायचा. खापरखेड्याचा देवराव. वीज केंद्राच्या कॉलनीत त्याची बर्फाच्या गोळ्याची गाडी. त्याची मुलगी भावना याच आजारानं एकोणिसाव्या वर्षी गेली. जाण्याच्या दोन महिने आधी मोनालीनं तिचं रक्त घेतलं होतं. सगळं संपल्यावर बाप केंद्रात आला आणि म्हणाला, "जयभीम मॅडम. माह्या पोरीचं रक्त हाये ना अजून?" मोनालीनं त्याला फ्रीझर दाखवला. त्यानं दारावर तळवा ठेवला, अंकांची लाल पाटी पाहिली आणि पहिल्यांदाच थोडा हसला. "म्हणजे तुमचा न् माहा धंदा एकच हाये. थंड ठेवाचं."

तेव्हापासून दर महिन्याला तो यायचा, दारावर हात ठेवायचा, पाच मिनिटं उभा राहायचा आणि जायचा. फोटो घरी होता, पण फोटोत पोरगी थोडीच असते. मोनाली त्या वेळी उगाच कागद चाळत बसायची.

या फ्रीझरपायीच ती रामदासपेठेत मधुकररावांच्या कार्यालयात गेली होती. मागणं एकच, एक जनरेटर. मधुकररावांनी सगळं ऐकलं, जुन्या मास्तरासारखे मधूनमधून प्रश्न विचारले आणि बसल्या जागी पत्र दिलं. तीन महिन्यांनी त्यांच्या सहायकाचा, दुर्गेशचा फोन आला.

"मॅडम, जनरेटर यादीत बसून नाही राहिला. कमान बसते."

"कसली कमान?"

"गेटावरची. आमदार निधीतून बांधकाम करता येते ना. साहेब म्हणे, काहीच न देण्यापेक्षा कमान तं कमान. संशोधनाले मान भेटन."

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरं काय. मोनालीनं तीन अर्ज लिहिले, की कमान नको, वायरिंग तरी बदलून द्या. अर्ज कुठे गेले ते अर्जांनाच ठाऊक. आणि मे महिन्यात, नागपूर भट्टीसारखं तापलेलं असताना, कमानीच्या खांबांसाठी खड्डे खोदायला जेसीबी आला. दुसऱ्या शनिवारी आला, कारण केंद्र बंद होतं आणि कोणाची अडचण होणार नव्हती.

त्या जेसीबीनं जमिनीतली विजेची केबल तोडली. फ्रीझरचा भोंगा बॅटरीवर ओरडायला लागला. पहारेकरी नानाजींनी तो ऐकला, मुकादमाला जाऊन सांगितलंही. मुकादम म्हणाला, सोमवारी जोडून देतो. सोमवारी निघाली बुद्धपौर्णिमेची सुट्टी. मोनाली आईकडे भंडाऱ्याला खीर वाटत होती आणि तिला कोणीही फोन केला नाही. मंगळवारी तिनं फ्रीझरचं दार उघडलं तेव्हा आतून कोमट हवा आली आणि पायांवर पाणी ओघळलं. ती त्या पाण्यातच खाली बसली.

"उद्घाटनापर्यंत हे कुठे बोलू नका," संचालक म्हणाले. "आपल्या बाजूनं बोलणारा एकच आमदार आहे. त्यालाच तोंडघशी पाडायचं?" तिला राग आला तो यासाठी की हे खरं होतं.

केबल दोन तासांत जोडून झाली. कमानही जूनमध्ये उभी राहिली, गुलाबी दगडाची, वर 'ज्ञानद्वार' आणि त्याखाली त्याहून मोठ्या अक्षरांत मधुकररावांचं नाव. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापायच्या आधी मोनालीनं त्यांना बाजूला गाठलं आणि सगळं सांगितलं. आवाज चढू न देता सांगितलं, याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

मधुकररावांचा चेहरा उतरला. खोटा नाही, खरोखर उतरला. "अरेरे," ते म्हणाले. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला, ज्याला प्रत्येक गणिताला उत्तर लागतं. "मोनालीताई, पुन्हा घेऊ ना नमुने. मी स्वतः शिबिरं लावून देतो."

"त्यातले तेवीस जण वारले, सर."

ते काहीतरी बोलणार होते, पण माईकवरून त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते गेले. भाषण चांगलं झालं, हेच तर दुखणं. संशोधनावर खर्च न करणारा देश दुसऱ्यांच्या औषधांवर जगतो, असं ते म्हणाले आणि त्यातला शब्दन् शब्द त्यांना मनापासून वाटत होता. फ्रीझरबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. मग सिकलसेलग्रस्त कुटुंबाचा प्रतिनिधी म्हणून देवरावाला मंचावर बोलावून त्यांनी शाल-श्रीफळ दिलं. टाळ्या पडल्या. भीक नको पण कुत्रं आवर, असं ओरडावंसं मोनालीला वाटलं.

मंचावरून उतरून देवराव सवयीनं सरळ प्रयोगशाळेत आला. शाल खांद्यावर, नारळ हातात. नारळ टेबलावर ठेवून त्यानं फ्रीझरच्या दारावर तळवा टेकवला. पाटीवर उणे ऐंशी दिसत होते. ती गप्प राहिली असती तर त्याला आयुष्यभर कळलं नसतं.

"काका," ती म्हणाली, "भावनाचं रक्त राहिलं नाही." आणि मग जेसीबी, केबल, तीन दिवस, सगळं.

देवरावानं हात काढला नाही. त्यानं पाटीवरचे अंक पाहिले. बाहेर कोणीतरी आभार मानत होतं.

"तीन दिवस भोंगा वाजून राहिला होता?"

"एक दिवस. मग बॅटरी संपली."

"मंग मले काहून नाही सांगतलं?" त्याचा आवाज फाटला. "एक फोन कराचा होता, बाई. मी बर्फ आणला असता. गाडीभर लाद्या आणल्या असत्या, भुशात गुंडाळून. बर्फ राखाचं तं माहंच काम हाये. इथंच बसलो असतो."

साध्या बर्फानं काही झालं नसतं. उणे ऐंशीपुढे गोळ्याचा बर्फ म्हणजे काहीच नाही. हे मोनालीला माहीत होतं आणि ते तिनं सांगितलं नाही, कारण दुसरंही एक तिला तितकंच माहीत होतं. संचालक, आमदार, ठेकेदार आणि मुकादम, इतक्या सगळ्यांत हा एकटाच आला असता.

देवरावानं खांद्यावरची शाल काढली, नीट चौघडी घातली आणि नारळाशेजारी ठेवली. "साहेबाले वापस द्याल," तो म्हणाला. मग त्यानं पुन्हा एकदा दाराला हात लावला, आणि आत कोणी नसताना थंड लागलं तसा झटकन मागे घेतला.