आठ सेंटिमीटर केस

कपाटात एकशे बेचाळीस पक्षी होते. त्यांतल्या तिघांना डोळे नव्हते, एकाचे दोन्ही पाय डावे होते, आणि खिडकीजवळच्या स्टुलावर एकशे अकरा वर्षांपूर्वी वारलेला एक माणूस बसला होता.

"एकशे त्रेचाळीस," तो म्हणाला. "वरच्या फळीवर एक खंड्या मागे पडलाय."

बाई शिडीवर चढली. खंड्या होता. तिने आकडा खोडून दुरुस्त केला.

"आणि हे दोन डावे पाय?"

"माझंच काम. त्या दिवशी मुलगी बघायला जायचं होतं. लक्ष कुठे होतं?"

संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत बाई सव्वीस वर्षे विष मोजत होती. पूर्वी मेलेल्या पक्ष्यात पेंढा भरताना कीड लागू नये म्हणून कातड्याला आतून सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा, लेप देत. तो सोमल अजून किती उरला आहे, हे सांगायचे तिचे काम. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला 'मोजणीबाई' म्हणत. अकरा वर्षांपूर्वी ही खोली तिच्याकडे आली आणि पहिल्याच आठवड्यात हे पक्षी भरणारा कारागीर तिला दिसला. दुसऱ्या कुणाला तो दिसत नसे. ती घाबरली, पण फार नाही. घरी अंथरुणाला खिळलेले वडील होते, नवरा गेल्यावर परत आलेली बहीण होती. घाबरायलाही सवड लागते.

त्याला हाक कशी मारायची, हे मात्र तिला ठरवता आले नव्हते. 'अरे' म्हणावे तर तो तिच्या पणजोबांच्या वयाचा. 'अहो' म्हणायला जीभ धजत नसे. दिसायला तो चौतिशीचा होता. ती आता एक्कावन्नची.

या विषामुळे सोमवारी ही खोली कायमची सील होणार होती. पक्षी आणि त्यांच्याबरोबर आलेली पुराव्याची पेटीही.

पेटीत एक वाडगा, निकालाची प्रत आणि लाल दोऱ्याने बांधलेली केसांची बट होती. बट त्याची. तो गेला त्या दिवशी त्याच्या बायकोने मुळाशी कापून घेतलेली. लग्नाला पाचच महिने झाले होते. त्याच्या पोटात सोमल सापडला. मरण्याआधी पोलिसांनी विचारले तेव्हा तो म्हणाला होता, 'तिच्याच हातचं खाल्लं.' तेवढ्यावर तिला फाशी झाली.

"तिनं दिलं की नाही, एवढंच कळू दे," तो पहिल्या वर्षीच म्हणाला होता. "दिलं असेल तर माझा विषय संपला. इथेच बसेन. नसेल दिलं तर मला तिला शोधायला जायला हवं."

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि त्या महिन्यात शरीरात गेलेला सोमल तेवढ्या भागात राहतो. हे बाईला पहिल्या वर्षीही माहीत होते. तरी तिने आधी यंत्र बिघडले म्हणून सांगितले, मग रसायन आले नाही, मग नमुना फारच थोडा आहे. तो दर वेळी मान डोलवी आणि स्टुलावर जाऊन बसे.

फोन वाजला. बहीण होती.

"बाबांच्या गोळ्या आणायला विसरू नकोस. आणि कुणाशी बोलतेयस गं?"

"कुणाशी नाही."

"मग हसत का होतीस? त्या मेल्या पाखरांपायी तू एक दिवस घरचा पत्ता विसरशील बघ."

बाईने फोन ठेवला. तो सुटलेल्या पंखाची शिवण पाहत होता. त्याच्या हाताला आता काही लागत नसे, पण बोटे जुन्या सवयीने चालत. नसलेला दोरा त्याने ओठांत धरला, ओला केला आणि नसलेल्या सुईत ओवला.

"नेहमी असंच?" तिने विचारले.

"काय?"

"दोरा तोंडात."

"मग कसा ओवणार? हात लेपानं बरबटलेले. उस्तादही असंच करायचे." तो हसला. "ते म्हणायचे, तोंड कडू झाल्याशिवाय हात बसत नाही."

बाईने पेटीतून केसांची बट बाहेर काढली.

"तुम्ही आज मोजणार आहात," तो म्हणाला.

"मोजलंच पाहिजे असं नाही. कळलं नाही असंही लिहिता येतं."

"तुम्ही सांगाल ते मी खरं मानेन."

तो खरेच मानणार होता. एक वाक्य, की तो राहिला असता. पण एका बाईला कुणीतरी न मोजताच फासावर चढवले होते.

तिने बट तीन वेळा धुतली, बाहेरची धूळ निघून जावी म्हणून. वाळवून मुळापासून आठ तुकडे केले, एक एक सेंटिमीटरचे. वजन केले, आम्लात विरघळवले, प्रत्येकाचा थोडा भाग राखून ठेवला. दुपारी अडीच वाजता यंत्र सुरू झाले. निरोगी माणसाच्या केसात ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅमही सोमल नसतो.

टोकाचा आठवा तुकडा अठ्ठावन्न. सातवा त्रेसष्ट. सहावा साठ.

"हे कधीचे?" त्याने विचारले.

"लग्नाच्या आधीचे."

तो उभा राहिला.

पाचव्या तुकड्याचा आकडा पाहून तिला वाटले, आपलेच काहीतरी चुकले. तिने राखलेला भाग पुन्हा घातला. आकडा जवळपास तोच आला. पुढचे चार पुन्हा पंचावन्नच्या वर.

"अहो," ती म्हणाली, आणि थांबली. मग सावकाश विचारले, "लग्नानंतर लगेच तुम्ही कुठे होतात?"

"तिच्या माहेरी. महिनाभर. कामाला हात लावला नाही." त्याचा आवाज उतरला. "दोन्ही वेळा तीच वाढायची. मी काहीही मागावं आणि तिनं करावं."

"त्या महिन्यात बरं वाटत होतं?"

"आयुष्यात तेवढं कधीच वाटलं नाही."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. बाईने यंत्राकडे पाहिले. तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवता आला नसता.

काही वेळाने त्याने सदरा नीट केला, मुलगी बघायला निघालेल्या माणसासारखा.

"ती माझ्याशी बोलेल?"

"माहीत नाही. पण उशीर माझ्यामुळे झाला, असं तिला सांगा. यंत्र कधीच बिघडलं नव्हतं."

तो तिच्याकडे पाहत राहिला. "मला माहीत होतं," तो म्हणाला. मग दाराशी थांबून सवयीने म्हणाला, "येतो."

"या," ती म्हणाली.

नियमाप्रमाणे संशयास्पद नमुना तीनदा मोजायचा असतो. तिने उरलेला थेंब यंत्रात घातला, चष्मा पुसला आणि आकडा येईपर्यंत उभी राहिली. मग वहीत लिहिले: तुकडा पाचवा, तिसरी मोजणी. ग्रॅममागे दोन पूर्णांक एक मायक्रोग्रॅम.