धडा येईपर्यंत पुसायचं नाही

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. जुनी असले तरी मोडकी नाही हं! बाभळीच्या लाकडातून मला तासलं आणि तेकबेरमावशींच्या तंबूत आणलं. मॉरिटानियाच्या वाळवंटात मावशी मुलांना अरबी शिकवत. मी आले त्यांच्या भाचीच्या, सलेखाच्या वाट्याला.

काजळी आणि डिंकाच्या शाईने ती माझ्यावर धडा लिही. मावशींचा नियम एकच: धडा तोंडपाठ झाल्याशिवाय पाटी धुवायची नाही. सलेखा पडली खेळकर! एकच धडा माझ्या अंगावर किती दिवस राही.

"घोडे, तुझ्या लग्नापर्यंत ही पाटी अशीच ठेवायची का गं?" मावशी ओरडत. पण सलेखाला धडा येईपर्यंत त्या पुढे सरकत नसत. अखेर ती पाटी धुवायला निघाली की साऱ्या तंबूला आनंद होई.

सलेखा मोठी झाली आणि अरबीची शिक्षिका होण्यासाठी राजधानीतल्या अध्यापक विद्यालयात गेली. मला सोबत नेलं खरं, पण तिथे मी खाटेखाली पडले. कधी बाहेर आलेच, तर मैत्रिणी माझ्यावर चहाची किटली ठेवत. फार वाईट वाटायचं मला.

वर्गावर पाठ घेण्याची शेवटची परीक्षा नदीकाठच्या कायेदी गावातल्या शाळेत होती. तिथल्या मुलांची घरची भाषा पुलार. सलेखा अस्खलित अरबीत बोलत राहिली आणि मुलं नुसती बघत राहिली.

"बोललात छान, पण शिकलं कोण?" परीक्षक लेमराबोत सर म्हणाले. "सोमवारी पुन्हा पाठ घ्या. ही शेवटची संधी. नाहीतर घरी जा."

त्या दिवशी तिने मला सोबत आणलेल्या पिशवीतून बाहेर काढलं आणि पोटाशी धरून रडली.

सोमवारी तिने फळ्यावर अरबीत लिहिलं, 'माझी आई दूध विकते.' जेमतेम शिकून घेतलेल्या पुलारमध्ये तिने अर्थ सांगितला, तशी मुलं अरबीत आपापल्या आईबद्दल सांगू लागली. मागच्या बाकावरची जेनाबा मात्र गप्पच.

"वेळ संपत आली. फळा पुसा, पुढचा भाग घ्या," सर म्हणाले.

"सर, जेनाबाला अजून आलं नाही."

"बाकीच्यांना आलंय ना? पाठ अपुरा राहिला तर नापास व्हाल."

 पण फळा तसाच ठेवून सलेखा मला घेऊन जेनाबापाशी बसली.

"तुझी आई काय विकते गं?" तिने पुलारमध्ये विचारलं.

"मासे."

सलेखाने ते अरबीत माझ्यावर लिहिलं. जेनाबाने अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं, "माझी आई मासे विकते." मग ती थांबलीच नाही. मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली, "मोठे विकते, बारके आम्हाला देते!"

वर्ग खो खो हसला. तेवढ्यात घंटा झाली.

"पाठ अपुरा राहिला," सर गंभीरपणे म्हणाले. सलेखाने मान खाली घातली. पण मग सरांनी जेनाबाला अरबीतच विचारलं, "मग मोठे मासे कोण खातं?"

"तुमच्यासारखे साहेब!"

सर इतके हसले की त्यांचा चष्मा घसरला. "पास!" ते सलेखाला म्हणाले. "हिला बोलती केलीत, आता गप्प करून दाखवा!"

जेनाबा काही गप्प झाली नाही, मित्रांनो. सलेखाबाई आता त्याच शाळेत आहेत, आणि नवे शिक्षक त्यांचा पाठ बघायला येतात. तुमच्या वर्गातही कुणीतरी गप्प बसलेलं असेल. त्याला मागे टाकून पुढे जाऊ नका. त्याच्याशेजारी जाऊन बसा आणि विचारा, तुझी आई काय करते रे?