तिसरा थेंब

अर्कवाल्याचं नाक मेलं त्याला बारा वर्षं होत आली. चाळीस वर्षं निलगिरीच्या पानांची भट्टी लावली, कधीतरी हे व्हायचंच. मग तेल उतरलं की तो बाटली बायकोपुढे धरायचा. ती हुंगून सांगायची, "अजून कच्चं आहे," नाहीतर, "पुरे, करपवाल आता." गिऱ्हाइकं म्हणायची, याच्या हाताला गुण आहे. गुण तिच्या नाकाला होता, हे त्या दोघांनाच ठाऊक.

ती गेल्याला हा दुसरा हिवाळा. भट्टी थंड, घर थंड. तिचं म्हणावं असं उरलं होतं ते एका पत्र्याच्या डब्यात: परसातल्या घेवड्याचं बी. लालबुंद, पोटाशी पांढरा ठिपका. वेल तिच्या मागोमाग वाळला, तेव्हा हेच शेवटचं.

"बाबा, यंदा आईचा घेवडा मी लावते," लेकीने फोनवर सांगितलं होतं. "रविवारी येते. डबा जपा तेवढा."

जपायचा म्हणून मंगळवारी त्याने डबा उघडला. तळाशी पिठासारखा भुसा आणि दाण्यांना सुईने पाडावीत तशी भोकं. एक भुंगा सावकाश त्याच्या अंगठ्यावर चढला.

दिवसभर बसून त्याने दाणा न् दाणा निवडला. भोकं पडलेले फेकवेनात. तिच्या बोटांतून गेलेले ते. बशीत घालून त्याने बशी खिडकीत सरकवली. चांगले पुन्हा डब्यात भरले आणि कापसाचा बोळा घेतला. कीड लागू नये म्हणून दरसाल ती असाच बोळा निलगिरीच्या तेलाने भिजवून डब्यात ठेवायची अन् गुणगुणायची:

एक थेंब दाण्याला,
एक थेंब डब्याला,
तिसरा थेंब कशाला?
नाक मुरडायला.

त्याने दोन थेंब टाकले. मग हात थबकला. बाटली तिच्या हयातीतली, बूच सैल. तेलातला जीव उडून गेला असला तर? विचारायचं कुणाला? दारावरून कुणी जाताना दिसलं असतं, तर त्याने बाटली पुढे केली असती, जरा हुंगता का म्हणून. तो उंबऱ्यात उभा राहिला. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा.

म्हणून त्याने तिसरा टाकला. चौथा टाकला. डब्याच्या काठावर एक भुंगा अजून चालत होता. मग अर्धी बाटली गेली.

रविवारी लेकीने झाकण काढलं आणि झटकन मान मागे घेतली. डोळ्यांना धार लागली.

"बाबा, किती थेंब टाकलेत?"

"मोजले नाहीत."

"आई असती तर तुम्हालाच डब्यात घालून झाकण लावलं असतं."

"ती असती तर तिसरा पडलाच नसता गं."

ती हसायला गेली, पण हसली नाही. "किडे मेलेत. पण एवढ्या वाफेत कोंब जगला असेल का?"

वीस दाणे तिने ओल्या फडक्यात बांधले आणि चार दिवस राहिली. पाचव्या सकाळी फडकं सोडलं. दाणे फुगून मऊ पडले होते. कोंब एकालाही नव्हता. "राहू द्या, बाबा," एवढंच म्हणून तिने पिशवी भरली. ती गेली, तशी दुपार नुसती पसरून राहिली.

भांडी आवरताना खिडकीतली बशी त्याच्या हाताला लागली. टाकाऊ दाणे, त्यांना तेल शिवलंच नव्हतं. त्याने आपला धुतलेला रुमाल ओला केला.

चौथ्या दिवशी त्याने फोन लावला. "दोन," तो म्हणाला.

"काय दोन?"

"बशीतल्या किडक्या एकतीस दाण्यांतले दोन. शेपटी फुटलीय."

"आत्ताच्या आत्ता कुंडीत लावा. आणि बाबा, पुन्हा बाटली उघडायची झाली तर आधी मला फोन करा."

"फोनवरून वास येतो का तुला?"

"नाही येत. पण तुम्ही थांबाल तरी."

त्याने कुंडी भरली, दोन्ही दाणे एकेक बोट खोल लावले, वर माती सारली. घर पुन्हा होतं तेवढंच गप्प झालं. सवयीने त्याने मातीची बोटं नाकाशी नेली, आणि वास येत नव्हता तरी तशीच धरून ठेवली.