पावण्यांच्या मानाची सुरी

"हात दाबला की आत जायचं. का, कशाला, विचारायचं न्हाय."

उद्यमनगरात ज्या मिस्त्रीनं मला घडवलं, त्यानं मला पहिल्यांदा मुठीत धरून हेच सांगितलं. मी नाटकातली सुरी. मला धार नाही, टोक आहे. माझ्या मुठीत एक स्प्रिंग आहे. टोक छातीवर टेकलं की पातं मुठीत सरकतं आणि बघणाऱ्याला वाटतं, घुसली.

गगनबावड्याच्या एका रिसॉर्टवर मी कामाला लागले. सुट्टीला आलेल्या लोकांसाठी तिथं जेवता जेवता खुनाचं नाटक होतं. तांबडा-पांढरा रस्सा वाढतात, दिवे जातात, किंकाळी येते आणि मग पाहुणेच पोलीस होऊन खुनी शोधत बसतात. मॅनेजर कृष्णातनं त्यात स्वतःची भर घातली. सुरी मारायचा मान टेबलावरच्या सगळ्यात थोर माणसाचा, आणि मरायचं त्याच्याच घरातल्या कुणीतरी. नारळ फोडायला बोलवावं तसं तो बोलवायचा, "या पावणं, मान तुमचा!"

लोक खूश व्हायचे. सासऱ्यांनी सुना मारल्या, काकांनी पुतणे मारले. दर वेळी मी थोरांच्या हातात आणि पडायचं धाकट्यांनी. एकदा उलटं करून बघू, असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

पावसाळ्यात खेळ बंद पडला. मी खणात. तिथला पाऊस भिंतीतूनही आत येतो. मुठीतली स्प्रिंग गंजत चालली होती, ते मला कळत होतं. सांगणार कुणाला? दिवाळीच्या सुट्टीत कृष्णातनं मला बाहेर काढलं, पातं तेल लावून चकचकीत केलं, मला मानाच्या ताटात मांडलं. मुठीत कुणी बघितलं नाही.

आज मान आकाराम तात्यांचा होता. गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. सगळं कुटुंब घेऊन आलेले.

"माझी नात मरंल!" त्यांनी जाहीर केलं.

त्यांची नात संयोगिता हसतच पुढं आली. कॉलेजची पोरगी. ताटातून मला उचललं आणि ही चालते कशी बघावं म्हणून टोक टेबलावर दाबलं. मी सगळा जोर लावला. तसूभर सरकले नाही. तिचं हसू गेलं.

"तात्या, ही आत जात नाही."

टाळ्या पडल्या. कृष्णात माईकवर ओरडला, "बघा, मयत किती घाबरलंय!"

"मी खरं सांगतेय. अडकलीय ती."

आणखी टाळ्या. मोबाईल वर झाले. तिची बनाआत्या कानाशी लागली. "लोकांत शोभा करू नगंस. तात्यांस्नी मान मिळालाय. गप उभी राहा की."

"मान त्यांचा, छाती माझी, आत्या."

तात्यांनी मला तिच्या हातातून घेतलं. "पोरी, माझ्या हातनं तुला लागंल व्हय?"

आवाजात माया होती. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. ज्याला आपलं चुकतंय असं वाटलं असतं, त्याचा हात थोडा तरी अडखळला असता. हा हात खुशीत मागं गेला. सगळं टेबल ओरडू लागलं, "मारा! मारा!" मी गंजाशी झगडत होते. समोर तिचा पिवळा कुर्ता दिसत होता.

तिनं तात्यांचं मनगट पकडलं. मला हिसकावून घेतलं आणि सजावटीला ठेवलेल्या पपईत खुपसलं. मुठीपर्यंत.

मी अजून तिथंच आहे. आत अंधार आहे, ओल आहे, बिया आहेत. दिसत काही नाही, ऐकू येतंय. ओरडा बंद झालाय. बनाआत्या "अगं बाई" म्हणाली आणि थांबली. माझं एवढंच मागणं आहे, मला धुऊन पुसून पुन्हा त्या ताटात ठेवू नका.

पण कृष्णात तो कृष्णातच. "तात्या, दुसरी सुरी हाय आत. नवी कोरी. आणू? मान अर्धा राहायला नको."

तात्यांनी घसा खाकरला. "व्हय. आण."

"आणा," संयोगिता म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "कुठलीही आणा, चांगली चालणारी आणा. मी पडणार नाही."

कृष्णातची पावलं वाजत नाहीत, तो गेला नसावा. तात्यांची खुर्ची करकरली, ते बसले असावेत.

ते काही म्हणतील म्हणून मी वाट बघतेय.