दीपाचा गुरुवार

भीमराजने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, तसा आक्काबाईचा तांदूळ निवडणारा हात थांबला.

"दीपा कुठंय?"

"नर्सिंगची शेवटची परीक्षा आहे तिची. आजचा तिचा वार मी भरतो."

"बापय मानूस? पोरं सांभाळनार?"

"सांगा, कुठनं सुरुवात करू?"

पंच्याण्णव साली भिंगारच्या या खोलीत सहा पोरं दिवसभर असायची. सगळ्यांचे बाप फौजेत, लांब सीमेवर. शहरातलं पाळणाघर जवानाच्या पगारात बसत नव्हतं. तेव्हा आक्काबाईने, स्वतः सुभेदाराची विधवा, आपली पुढची खोली दिली. पैसे नाहीत, पण प्रत्येक आईने आठवड्यातला एक दिवस तिच्या हाताखाली यायचं. गुरुवार दीपाचा. सहा पोरं एकट्या म्हातारीला झेपत नसत, आणि परीक्षा चुकली असती तर दीपाचं वर्ष गेलं असतं.

शेजारणीबरोबर आधीच आलेली दीपाची अडीच वर्षांची प्रज्ञा आक्काबाईच्या पाठीमागे सरकली. अकरा महिन्यांनी काश्मीरहून सुटीवर आलेला हा तिचा बाप चार दिवसांपासून घरात होता. तो दिसला की ती आईच्या साडीत तोंड खुपसायची. अजून एक शब्दही त्याच्याशी बोलली नव्हती.

भीमराजने तिला हाक मारली नाही. तो सरळ जमिनीवर बसला. गंधार आधी त्याच्या पाठीवर चढला, मग बाकीची. दुपारपर्यंत त्याने दोघांची नाकं पुसली, एकाला परसात नेऊन धुतलं, वरणभात कालवून ओळीने भरवला. पोरं त्याला 'काका' म्हणू लागली. प्रज्ञाने घास आक्काबाईच्याच हातून घेतला.

चारच्या सुमाराला तो दुपट्यांच्या घड्या घालत असताना समोर एक रिकामा पेला आला.

"काका, पानी."

भीमराजच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. मग उठून त्याने माठातलं पाणी आणलं आणि प्रज्ञाचं पिऊन होईस्तोवर पेल्याला खालून हात लावून धरला.

दीपा दारात येऊन उभी होती.

"अगं, काका काय? ते तुझे—"

भीमराजने मान हलवून तिला थांबवलं. अंगठ्याने प्रज्ञाची ओली हनुवटी पुसली. ती मागे सरली नाही.

"पेपर?" त्याने विचारलं.

"चांगला गेला."

तो आक्काबाईकडे वळला.

"उद्याचा वार कुणाचा?"

"लंकाबाईचा."

"त्यांना म्हणावं, घरीच थांबा. उद्या मी येतो."